मिनिआपोलिसमध्ये घराला बाहेरून रंग द्यायचाय? आधी संध्याकाळचं दव बघा

शिडी, ब्रश, टेप याबद्दल काही सांगत नाही. तारखेचं बोलू. एप्रिलमध्ये हात शिवशिवतात, पण लाकडात बर्फाची ओल असते. जूनच्या सुरुवातीला कॉटनवूड झाडांचा कापूस उडतो आणि ओल्या रंगावर बसला की भिंतीला दाढी फुटते. जुलैत दक्षिणेची भिंत तव्यासारखी तापते. उरला ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे.

मी 'गणपती होऊ देत' म्हणत सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारावर गेलो. लख्ख ऊन, ६५ अंश फॅरनहाइट. डब्यावर ३५ अंशांपर्यंत थंडी चालते असं छापलेलं. संध्याकाळी पाचला उत्तरेच्या भिंतीला दुसरा हात मारला आणि खुशीत चहा घेतला. सकाळी बघतो तर तपकिरी, चिकट ओघळ. बोट लावलं तर साबणासारखं बुळबुळीत.

तापमान बघितलं होतं, दवबिंदू नाही, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा. निरभ्र रात्री भिंत हवेपेक्षाही थंड होते आणि दव आधी तिच्यावर धरतं. रंग पुरता वाळलेला नसला की ते पाणी त्यातले साबणासारखे घटक वर ओढून काढतं. म्हणून दवबिंदू बघा. भिंत त्याच्यापेक्षा किमान ५ अंश गरम हवी, आणि नुसती रंग लावताना नव्हे, सूर्य मावळल्यावरसुद्धा! फोनवरच्या हवामानात तो आकडा असतो, जरा खाली सरकवायचे कष्ट घ्या.

घर १९७८च्या आधीचं असेल तर जुन्या रंगातल्या शिशाची तपासणी झाल्याशिवाय पोपडे खरवडू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. भिंत धुतली की दोन-तीन कोरडे दिवस सोडा. फटी भरा, उघड्या लाकडाला प्रायमर.

आता हिशेब करा. सकाळचं दव वाळेपर्यंत दहा वाजतात. दुपारी दोनला ब्रश धुवायचा. हो, दोनलाच, कितीही ऊन असलं तरी. म्हणजे दिवसाचे चारच तास. एका शनिवार-रविवारात अख्खं घर होत नाही, चार भिंतींना चार दिवस धरा, उत्तरेची सगळ्यात आधी. 'एवढी एक पट्टी राहिलीय' असं बायको म्हणो की शेजारी, उद्या करा. दव थांबत नाही.

बाकी खिडक्यांच्या चौकटी, दारं वगैरे सवडीने. उरलेला डबा गॅरेजमध्ये ठेवू नका, गोठून वाया जातो. तळघरात न्या.