मेमो टाइप करून मग बोलायला बसू नका: एचआरवाल्यांच्या त्याच त्या चुका

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहती, जालन्याच्या रोलिंग मिल, लातूरच्या डाळ मिल, कुठेही जा. कामगाराशी अवघड बोलायची वेळ आली की एचआरची नवी पोरं एकाच क्रमाने चुकतात. आधी तीन महिने काहीच बोलत नाहीत. मग वरून फोन आला की पंधरा मिनिटांत मेमो टाइप करतात, माणसाला केबिनमध्ये बोलावतात आणि ‘चर्चा’ उरकतात. कागद आधी तयार आणि ऐकणं नंतर, अशा बैठकीतून काय निघणार ते केबिनच्या काचेतून बघणाऱ्या अख्ख्या लाइनला आधीच कळलेलं असतं.

मस्टर न वाचता बोलणं

मस्टर म्हणजे हजेरीचं रजिस्टर. सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून आधी हिच्याबद्दल.

वाळूजच्या एका प्रेस शॉपमधला प्रसंग घ्या. अकरा वर्षं नोकरी झालेला ऑपरेटर, लाइनवर सगळ्यांचा ‘मामा’. नोव्हेंबर ते जानेवारीत नऊ खाडे. सुपरवायझरने तोंडी सांगितलं, ‘सोमवारी येत नाही, रविवारची उतरलेली नसते.’ एचआरच्या साहेबांनी तेवढंच धरलं. साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटते, पावणेचारला गावाकडची बस निघते. या माणसाला बोलावलं साडेतीनला. खुर्ची दिली नाही. पहिलं वाक्य होतं, ‘दारू कमी कर, नाहीतर घरी बस.’ पन्नाशीच्या माणसाला, तेही एकेरीत. टेबलावर मेमो इंग्रजीत तयार होता. त्यावर तारखा नव्हत्या, फक्त ‘फ्रीक्वेंटली अ‍ॅब्सेंट’. माणूस सही न करता बाहेर पडला. साहेबांनी मेमोवर स्वतःच ‘घेण्यास नकार’ लिहिलं. साक्षीदार एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी लाइन मशीन बंद करून बसली. मुद्दा खाड्यांचा राहिलाच नाही, मुद्दा झाला ‘साहेबाने मामाला बेवडा म्हटलं.’

प्रकरण लेबर ऑफिसात गेलं. तिथे विचारलं ते साधंच होतं: गैरहजेरीच्या तारखा कोणत्या, याआधी लेखी विचारणा केली होती का, आणि त्याचं म्हणणं काय? तिन्हींची उत्तरं साहेबांकडे नव्हती.

मस्टर मात्र बोलत होतं. नऊपैकी सात खाडे फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातले, आणि सातही सोमवार ते बुधवारातले. सेकंड आणि नाइटच्या आठवड्यांत मिळून फक्त दोन. पिणाऱ्याचा हिशोब असा शिफ्ट बघून चालत नाही. शेवटी त्याला बसवून, चहा देऊन विचारल्यावर उत्तर एका वाक्यात आलं: ‘साहेब, म्या दारूला कधी शिवलो नाही. आमच्या फिडरला सोमवार ते बुधवार रातची लाइट असती, गहू भिजवावा लागतो.’ शेतीच्या फिडरला थ्री-फेज वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रात्रभर दारं धरलेला, म्हणजे पिकाला पाणी देत जागलेला माणूस पहाटे सव्वापाचची बस कशी पकडणार? रब्बी संपेपर्यंत फर्स्टची शिफ्ट दुसऱ्याशी बदलून दिली, विषय मिटला. खाडा तो खाडाच, त्याची रजा-पगाराची नोंद व्हायलाच हवी. पण त्यावर बोलायचं ते हे कळल्यावर.

तेव्हा बोलावण्याआधी शेवटच्या सहा महिन्यांचं मस्टर एका कागदावर उतरवा. तारीख, वार, शिफ्ट, कळवलं होतं की नाही, एवढे चार रकाने पुरे. कागद डाव्या हाताला पंचांग ठेवून वाचा. जूनमध्ये मृगाच्या पेरण्या, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि बीडकडच्या घरांत ऊसतोडीला जाणारी मंडळी, एप्रिल-मे लग्नसराई. मराठवाड्यातल्या कारखान्याच्या गैरहजेरीचा निम्मा उलगडा यातच होतो. सॉफ्टवेअर फक्त टक्केवारी दाखवतं, वार दाखवत नाही. डॅशबोर्डवर विसंबणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी मस्टर हाताने चाळावं; अर्धा तास जातो, त्याने मरत कोणी नाही.

पहिलं वाक्यही त्या कागदावरूनच घ्या. ‘बसा. बोलावलं ते हजेरीसाठी. नोव्हेंबरपासून नऊ खाडे आहेत, त्यातले सात फर्स्ट शिफ्टचे. काय अडचण आहे?’ आणि मग गप्प बसा. नवशिक्यांना हेच जमत नाही. समोरचा तीन सेकंद थांबला की हे स्वतःच उत्तर सुचवतात, ‘घरी प्रॉब्लेम आहे का, तब्येत का?’ माणूस सुटकेचा श्वास टाकून ‘हा, तब्येत’ म्हणतो आणि खरं कारण तिथेच राहतं. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सात-आठवर तो बोलायला लागतो.

आधी मुलाबाळांची चौकशी, मग कामाचं कौतुक, मग हळूच मेमो, ही गोड-कडू पद्धत कुठल्यातरी ट्रेनिंगमधून आलेली आहे. ती सोडा. एचआरने पोरांच्या शाळेचं विचारलं की कामगार मनात म्हणतो, ‘काहून गोड बोलायलाय, आता काहीतरी निघणार.’ पुढच्या वेळी खरोखर आपुलकीने विचारलंत तरी तो दचकतो.

वेळ, जागा, माणसं

पगाराच्या दिवशी नाही. शिफ्ट सुटताना नाही. बस चुकली की गंगापूर किंवा पैठणच्या बाजूचा माणूस रात्रीपर्यंत अडकतो आणि बस धरायच्या घाईत कशावरही सही करतो. अशी सही पुढे टिकत नाही. शिफ्ट सुरू होऊन दीड-दोन तास झाले, मशीनवर बदली माणूस मिळाला, की बोलवा. लाइनवरून दिसणारी काचेची केबिन टाळा. मॅनेजमेंटकडून दोघं पुरे. एका कामगारासमोर पाच साहेब बसले तर ती चर्चा होत नाही. दाराला कडी कधीच नाही.

वयाने मोठ्यांना ‘तुम्ही’. शॉपवर सगळे ज्यांना मामा, अण्णा म्हणतात, त्यांना केबिनमध्ये एकदम एकेरीत हाक मारली तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

आणि बोलणं रेकॉर्ड होतंय असं धरूनच बोला. खिशातला फोन काढून ठेवायला लावणं हा उपाय नाही. स्पीकरवर ऐकवलं तर लाज वाटेल असं वाक्य मुळात उच्चारायचं नाही.

‘बघतो’

एचआरने ‘बघतो’ म्हटलं की कामगार ‘होणार’ असं ऐकतो. ‘साहेब म्हणाले होते’ हे वाक्य वर्षभर तुमच्या मागे फिरतं. नाही असेल तर त्याच बैठकीत ‘नाही’ म्हणा, कारण सांगा. विचारून सांगणार असाल तर तारीख द्या आणि त्या तारखेला उत्तर नसलं तरी ‘अजून उत्तर नाही’ एवढं जाऊन सांगा. मशीनपाशी जाऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. मेमो, ताकीद, सस्पेन्शन यांपैकी काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू करू नका. स्क्रीनशॉट बस स्टँडवर पोहोचतो आणि तुम्ही अजून टाइप करत असता.

राजीनामा लिहून घेणं

ही दुसरी लाडकी पळवाट. चौकशी नको, नोटीस नको, ‘तुमच्याच भल्याचं आहे, राजीनामा द्या, सर्टिफिकेट चांगलं देतो.’ कागद आधीच टाइप केलेला, इंग्रजीत, खाली सहीची जागा. वेळ वाचला म्हणून साहेब खूश.

पुढे काय होतं ते बघा. माणूस घरी जातो, पोरगा कागद वाचतो, दुसऱ्या दिवशी ‘दबावाखाली सही घेतली’ असं पत्र कंपनीला आणि लेबर ऑफिसला जातं. राजीनामा स्वेच्छेचा होता हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते. टाइप तुमच्या प्रिंटरचा, भाषा त्याला न येणारी, तारीख त्याच दिवशीची, मंजुरीही त्याच दिवशीची. स्वेच्छा दाखवणार कुठून? राजीनामा खोटा ठरला तर ती कामावरून कमी केल्याची कारवाई ठरते आणि चौकशी न करता काढलं म्हणून सगळं उलटं फिरतं. कामावर परत घेणं, मागचा पगार, सगळं अंगावर.

राजीनामा खरंच त्यालाच द्यायचा असेल, तर त्याच्या हाताने, मराठीत, त्याच्या शब्दांत, घरून लिहून आणू द्या. मंजुरी दोन दिवस थांबून द्या. त्या दोन दिवसांत तो मागे घेत असेल तर घेऊ द्या. अस्सल राजीनाम्याला दोन दिवसांनी काही होत नाही.

नोकरी संपली की हिशोबही रखडवू नका. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे काढलं, कमी केलं किंवा राजीनामा दिला तरी पगाराची देणी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांत’ हे जुन्या एचआर पुस्तिकेतलं वाक्य खोडा. शेवटच्या भेटीत रकमेचा कागद हातात असेल तर निम्मी कटकट तिथेच संपते.

असाच आणखी एक समज: आठ-दहा दिवस न कळवता गैरहजर म्हणजे ‘आपोआप नाव कमी’. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगून ठेवलंय की स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत, तसं लिहिलेलं असलं तरी म्हणणं मांडायची संधी न देता नाव काढता येत नाही. घरच्या पत्त्यावर मराठीत पत्र पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा जुन्या सवयीने तेच शोधत बसू नका. स्पीड पोस्ट करा, पावती आणि पोहोच दोन्ही फाइलला लावा. गावातल्या एखाद्या सहकाऱ्याकरवी निरोपही द्या. पत्र कपाटात पडून राहतं, निरोप पोहोचतो.

ज्यात ‘समजावून सांगणं’ चालत नाही

बाईने छेडछाडीची तक्रार केली, आणि एचआरने दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हटलं. ही चूक अजूनही होते आणि चांगल्या हेतूने होते, म्हणून जास्त राग येतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवीच. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. एचआरचं काम एवढंच: ऐकून घ्यायचं, लेखी द्यायला मदत करायची, त्याच दिवशी समितीकडे पोचवायचं. ‘तुझं काही चुकलं असेल का’ हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. कॅन्टीनमध्ये याचा उल्लेखही नाही.

गेटवर कोणी पिऊन आला तर त्या दिवशी बोलूच नका. दोन साक्षीदार, ब्रेथ टेस्ट किंवा डॉक्टरचा कागद, आणि गाडीने घरी. मोटारसायकलची किल्ली गेटवर ठेवा. बोलणं दुसऱ्या दिवशी, शुद्धीतल्या माणसाशी.

ठेकेदाराच्या कामगाराला तुमच्या लेटरहेडवर मेमो देऊ नका. ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगा. नाहीतर उद्या ‘मालक तुम्हीच’ हे सिद्ध करायला तोच मेमो पुरावा म्हणून पुढे येतो.

पगारातून कापतो, अशी धमकी

दंडाला मर्यादा आहे. एका पगार-महिन्यात वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड नाही, आधी म्हणणं विचारल्याशिवाय नाही, आणि दंड लावून नव्वद दिवस उलटले की वसुलीही नाही. ‘हजार रुपये कापीन’ असं रागात म्हणणाऱ्या सुपरवायझरला हा हिशोब छापून द्या. पंधरा हजारांवर साडेचारशे होतात. सस्पेन्शन म्हणजेही फुकट घरी बसवणं नव्हे: पहिले नव्वद दिवस अर्धा पगार, पुढे, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, पाऊण. चौकशी रेंगाळली की बिल तुमचंच वाढतं.

वरून येणारे फोन

‘आपला माणूस आहे, जरा बघा.’ हा फोन येणारच, कधी गावच्या पुढाऱ्याचा, कधी मालकाच्या व्याह्याचा. चिडू नका आणि वाकूही नका. दर वेळी एकच उत्तर: ‘पत्र दिलंय, अमुक तारखेपर्यंत त्यांचं म्हणणं लेखी येऊ द्या, ते वाचूनच ठरेल.’ एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं उत्तर दिलंत की तुमचे उरलेले सगळे मेमो रद्दी.

नोंद

बैठक झाली की त्याच दिवशी, चहाच्या आधी, अर्धं पान लिहा. तारीख, वेळ कितीपासून कितीपर्यंत, कोण हजर, कोणते मुद्दे दाखवले, तो काय म्हणाला, पुढची तारीख. तो म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. ‘कामगाराने असहकार दाखवला’ असं लिहू नका; ‘रातची लाइट असती, गहू भिजवावा लागतो’ असं लिहा. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला पहिल्या वाक्यातून काहीच कळत नाही. मराठीत वाचून दाखवा, चुकलं असेल तर त्याच्यासमोर दुरुस्त करा, मग सही मागा. नाही केली तर हजर असलेल्या दोघांच्या सह्या आणि वेळ घाला, आणि त्याला मशीनवर जाऊ द्या.