एजंटचं अठरा हजारांचं बिल आणि गीझरचा शॉक

ठाण्यात घोडबंदर रोडला माझा वन बीएचके भाड्याने दिलाय. गीझर चालू असला की नळाला झिणझिण्या येतात, असं भाडेकरू ताईंनी एजंटला कळवलं. त्याने मला न विचारता १८,००० रुपयांचं बिल पाठवलं: ‘वायरिंग, सेफ्टी’. भाड्यातून वळते करणार म्हणाला.

दुरुस्ती मालकानेच करायची, हे मला मान्य आहे. त्या घरात लहान मूल आहे, मला रात्रभर झोप लागली नाही. पण बदललं काय?

परवानाधारक वायरमनला घेऊन गेले. मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, तपासलं तर वायरिंग जुनंच, आणि ठणठणीत. गीझरची कॉइल फुटलेली, सॉकेटची अर्थिंगची वायर सुटलेली. बोर्डात नुसते एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच. ते ओव्हरलोडला आणि शॉर्टसर्किटला पडतात, माणसाला शॉक बसताना नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच. कॉइल, अर्थिंग, आरसीसीबी मिळून ५,४०० रुपये झाले. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ताईंनाही दाखवलं, महिन्यातून एकदा दाबा म्हटलं.

फोटो आणि वायरमनचा लेखी अहवाल पाठवून एजंटकडे कामवार बिल मागितलं. दोन दिवसांत त्याने आपलं बिल मागे घेतलं. करारात आता कलम घातलंय: २,००० रुपयांवरच्या कामाला आधी माझी लेखी मंजुरी.