किराणा दुकानात काय ठेवायचं, किती ठेवायचं: आमची "नाही"ची वही

एकदा ऐन आषाढीच्या सकाळी आमच्या दुकानातली भगर संपली. नेहमीच्या एक काकू आल्या, नाही म्हटल्यावर समोरच्या दुकानात गेल्या आणि पुढच्या महिन्यापासून त्यांची अख्खी महिन्याची यादीच तिकडे जायला लागली, अर्ध्या किलो भगरीपायी! अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून गल्ल्याजवळ एक वही असते. गिऱ्हाईकाला "नाही" म्हटलं की ती वस्तू लिहायची, परत कोणी मागितली की पुढे रेघ मारायची. बिलांवरून काय खपलं ते कळतं, पण माल नव्हता म्हणून जो माणूस परत गेला तो बिलात कुठून दिसणार?

निदान महिनाभर लिहा. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात जिऱ्याच्या 10 रुपयेवाल्या पुडीपुढे 11 रेघा झाल्या, आणि आम्ही आपले 100 ग्रॅमची पाकिटं लावून बसलेलो! मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर पोरं राहतात, त्यांना एवढं जिरं करायचंय काय. तीन-चार रेघा झाल्या की थोडाच माल आणून बघा, एकदम पेटी नको.

जागा मात्र जुना माल काढूनच होते. माल आला की पुठ्ठ्यावर तारीख टाका, दोन महिन्यात हलला नाही तर परत मागवू नका, सेल्समन 12 वर 1 फ्री म्हणाला तरी नाही, कारण 12 च खपत नाहीत तिथे तेराव्याचं काय करणार? तेल-साखरेत सुटत काही नाही, पण ती कधी संपू देऊ नका, माणूस त्यासाठीच दुकानात येतो आणि बाकीचं घेऊन जातो.

सणांचा माल मागच्या वर्षीच्या तारखेवर कधीच भरू नका, पंचांग बघा. निज श्रावण 2023 ला 17 ऑगस्टला लागला, 2024 ला श्रावण 5 ऑगस्टला आणि 2025 ला 25 जुलैलाच. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे त्याच्या आठ-दहा दिवस आधी दुकानात पाहिजेत. संक्रांतीचे तीळ आणि चिक्कीचा गूळ दोन खेपांत आणा, उरलेले तीळ खवट होतात. हलवा आणि वाणाच्या छोट्या वस्तू मात्र संक्रांत झाली म्हणून आत टाकू नका, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं.