फ्लोरेन्समध्ये दोन दिवस: परदेशात शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्सला शिकणाऱ्या मुलांचा इटलीचा पहिला बेत बहुधा सारखाच असतो. शुक्रवारी रात्री स्वस्तातलं विमान, पीसा किंवा बोलोन्याला उतरायचं, शनिवार-रविवार फ्लोरेन्स, सोमवारी लेक्चरला हजर. बेत चांगलाच आहे. तो फसतो पैशांपेक्षा वारांमुळे. कुठलं दार कोणत्या वारी किती वाजता उघडतं, हे न बघता तिकिटं काढलेली असतात.

त्याआधी कागदपत्रांचं. शेंगेन देशाचं (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) निवास कार्ड असेल तर इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण कार्डासोबत मूळ पासपोर्टही हवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. हॉटेल असो वा हॉस्टेल, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना बंधनकारक असतं, म्हणून ते पासपोर्ट मागतातच. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये शिकत असाल तर मात्र तिथल्या व्हिसावर इटलीत पाऊल ठेवता येत नाही. शेंगेन व्हिसा काढावाच लागतो आणि भेटीची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जाऊ शकतात. काही स्वस्त विमान कंपन्या बिगर-युरोपीय प्रवाशांची कागदपत्रं काउंटरवर तपासतात. हातात फक्त पाठपिशवी आहे म्हणून थेट सुरक्षा तपासणीला गेलात, तर तिथून परत काउंटरला पिटाळतील.

रविवारी सकाळी चर्च

सगळ्यात जास्त हळहळ होते ती या चुकीपायी. शनिवारी भटकंती, खरेदी, पोन्ते वेक्कियो या जुन्या पुलावर फोटो. आणि 'दुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, उद्या निवांत बघू'. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना चालू असते, पर्यटकांना आत फिरू देत नाहीत. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओच्या कबरी असलेलं सांता क्रोचे चर्चही रविवारी पर्यटकांसाठी दुपारीच उघडतं. म्हणून चर्चं शनिवारी उरका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात बॅगेत एक ओढणी किंवा पातळ शर्ट असू द्या.

कॅथेड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढायचं तर दिवस-वेळ ठरवून आधी तिकीट घ्यावं लागतं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वेळ चुकली की तिकीट वाया. आयत्या वेळी घुमटाचं तिकीट मिळालं नाही तर दुप्पट पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका, शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यावर चढा. तिथेही ४१४ पायऱ्या आहेतच, पण वरून १४३६ मध्ये पुरा झालेला तो घुमट समोर दिसतो. घुमटावर उभं राहून घुमट दिसत नाही, हे रांगेत उभ्या असलेल्यांच्या लक्षातच येत नाही.

आणखी एक. कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दारापुढे सगळे गर्दी करतात, पण ती प्रतिकृती आहे. शिल्पकार गिबेर्तीने घडवलेली मूळ दारं कॅथेड्रलच्या मागे असलेल्या संग्रहालयात काचेआड ठेवली आहेत. ती अगदी जवळून बघता येतात: पुढची माणसं पत्र्यातून जवळजवळ बाहेर आलेली, मागचे डोंगर आणि इमारती नुसत्या रेघांइतक्या उथळ. तिथेच शिल्पकार दोनातेल्लोचा मेरी मॅग्डालेनचा लाकडी पुतळा आहे, हाडं आणि जटा एवढ्याच उरलेल्या. माझ्या मते चर्चच्या आत जायच्या लांबलचक रांगेपेक्षा इथे घालवलेला तास कितीतरी मोलाचा.

विद्यार्थी ओळखपत्राचा भरवसा

उफिझी या चित्रसंग्रहालयासारख्या सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयोगटासाठी २ युरोंचं तिकीट असतं, हे वाचून मुलं खूश होतात. ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. म्युनिकच्या विद्यापीठाचं ओळखपत्र आणि भारतीय पासपोर्ट दाखवलात तर बहुधा पूर्ण पैसेच भरावे लागतात, तेव्हा बजेट त्या हिशेबानेच करा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो खरा, पण त्या दिवशीची रांग पाहता दोनच दिवस हाताशी असलेल्याने पैसे मोजून शनिवारची वेळ घ्यावी. तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधलं की वरती दिसणारी बरीचशी संकेतस्थळं दलालांची असतात. उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेलं आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद, त्यामुळे 'राहिलेलं सोमवारी सकाळी' हेही जमत नाही.

पीसाही करून येऊ

विमान पीसाचं असेल तर जाता-येता झुकता मनोरा बघा, हरकत नाही. पण फ्लोरेन्समधून मुद्दाम जाऊन-येऊन अर्धा दिवस घालवलात तर दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

या प्रवासात हमखास होणारा घोटाळा तिकिटाचा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. नुसतं तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं असं नाही; शिक्का नसेल तर दंड होतो, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे टीसी रोजच ऐकतो. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख-वेळ लिहा आणि चढल्या चढल्या आपणहून टीसीला गाठा. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटालाही चढण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं. वेगवान गाड्यांना हे काही नाही, तिथे गाडी आणि आसन ठरलेलंच असतं. उतरायचं ते सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर. कांपो दी मार्ते आणि रिफ्रेदी हीही फ्लोरेन्सचीच, पण लांबची. निघण्याच्या आदल्या दिवशी संपाची बातमी बघून घ्या. इटलीत संप जाहीर करून होतात आणि शुक्रवार त्यांचा आवडता वार.

खाण्याचं थोडक्यात. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, बसून तीच महाग पडते. बिलात 'कोपेर्तो' दिसला तर ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचं शुल्क आहे. दुपारी तीनला जेवायला निघालात तर बऱ्याच खाणावळींची स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. गाड्यावरचं प्रसिद्ध लांप्रेदोत्तो म्हणजे गाईच्या जठराचं मांस, हे चालत नसेल तर आधीच माहीत असलेलं बरं. शाकाहारी माणसाने पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटो-पावाचं दाट सूप) किंवा रिबोल्लिता (भाज्या-पावाचं सूप) मागवावी, पण रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारूनच.

काशीनेचा थांबा

फ्लोरेन्सला जाऊन काशीने बागेतलं कोल्हापूरच्या छत्रपतींचं स्मारक न बघता परतणं मराठी माणसाला शोभत नाही. हे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये इथे वारले, वय अवघं वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि १८७४ मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभा राहिला. शेजारच्या पुलालाही लोक 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणूनच ओळखतात.

चूक होते ती ट्रामचा 'काशीने' थांबा बघून. तो बागेच्या शहराकडच्या टोकाजवळ आहे आणि स्मारक पार पश्चिमेच्या टोकाला, मधलं अंतर काही किलोमीटरचं. चालायचं नसेल तर सायकल भाड्याने घ्या. बागेतला रस्ता सपाट आहे. रविवारी सकाळी चर्चं पर्यटकांसाठी बंद असतात तीच वेळ यासाठी ठेवा, आणि परतीचं विमान पीसाहून असेल तर जाण्यापूर्वी दुपारच्या गाडीची वेळ पाहून ठेवा.