घाणेरी खाल्लेल्या जनावराच्या उपचारात या चुका टाळा

पावसाने ओढ दिली आणि गायरानातले गवत संपले, किंवा बाजारातून आणलेले नवे जनावर अनोळखी माळावर चरायला सोडले, की घाणेरीच्या, म्हणजेच टणटणीच्या विषबाधेचे प्रसंग घडू लागतात. एरवी तिच्या उग्र वासामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. पण भुकेल्या आणि ही वनस्पती ओळखीची नसलेल्या जनावराला तेवढा धरबंध राहत नाही. या विषबाधेत दगावणारी अनेक जनावरे वाचू शकतात, असे मला ठामपणे वाटते. बहुतेक वेळा उपचार चालतो कातडीवर आणि बिघाड असतो यकृतातून पित्त वाहण्याच्या वाटेत.

घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची द्रव्ये असतात. ती पोटातून शोषली जाऊन रक्तावाटे यकृतात पोहोचतात आणि तिथल्या पेशींमधून निघणाऱ्या अतिसूक्ष्म पित्तनलिकांचे काम बंद पाडतात. मग पित्त पुढे सरकत नाही आणि त्यावाटे बाहेर पडायला हवीत ती द्रव्ये रक्तात साचू लागतात. त्यांपैकी बिलिरुबिनमुळे डोळे पिवळे आणि लघवी गडद होते, हे पशुपालकांच्या लगेच ध्यानात येते. दुसरे द्रव्य फायलोएरिथ्रिन. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून कोटीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव ते एरवीही बनवत असतात आणि निरोगी जनावर ते पित्तावाटे बाहेर टाकते. पित्त अडले की तेच द्रव्य कातडीपर्यंत पोहोचते आणि ऊन लागताच तिथल्या पेशींना इजा करते.

हे कळले नाही की पहिली चूक होते ती रोग ओळखण्यात. कातडी लाल होऊन सुजते, पुढे तडकते, तिचे पापुद्रे निघतात आणि घरचे लोक त्याला खरूज, भाजणे किंवा लम्पी समजून मलम लावत बसतात. अशा वेळी काळ्या-पांढऱ्या संकरित गाईच्या अंगावरचे ठिपके नीट पाहावेत. इजा पांढऱ्या भागावर होते आणि काळा ठिपका जिथे सुरू होतो तिथे ती बहुधा थांबते. संसर्गजन्य त्वचारोग अशी रंगाची हद्द पाळत नाही. नाकपुड्या, कानांच्या कडा आणि सड यांवरही उन्हाची ही इजा दिसते. म्हशीची कातडी काळी असल्यामुळे ही खूण फारशी मिळत नाही, म्हणून तिची खालची पापणी ओढून आणि शेपटी उचलून आतल्या नाजूक त्वचेचा पिवळेपणा पाहावा. कावीळ गोचिडांमुळे होणाऱ्या रोगांतही होते, मात्र त्यांत सहसा जोराचा ताप असतो. त्यामुळे तापमान मोजल्याशिवाय आणि जनावर कुठे चरले हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘आता ते घाणेरी खात नाही, म्हणजे विष थांबले’ हा समज. यकृत बिघडले की कोटीपोटाची हालचालही मंदावते, रवंथ बंद होते, शेण कडक येते आणि खाल्लेला पाला पोटातच पडून राहतो. त्यातून लँटाडीन पुढचे कित्येक दिवस थोडे थोडे शोषले जाते, यकृत सावरत नाही आणि पोटही सुरू होत नाही. हे चक्र तोडायचे असेल तर पोटातले विष धरून ठेवणारा सक्रिय कोळसा पशुवैद्यकाकडून नळीने द्यावा लागतो. त्याची मात्रा मोठी असते, वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण 5 ग्रॅम. चिमूटभर कोळशाने काही साधत नाही. बेंटोनाइट मातीचाही असाच उपयोग होतो. सोबत शिरेतून सलाईन लागते आणि जनावर फारच खालावले असेल तर शस्त्रक्रियेने कोटीपोट रिकामे करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. बद्धकोष्ठ फोडण्यासाठी मान वर ओढून बांबूच्या नळकांड्याने तेल ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण अशक्त जनावराच्या श्वासनलिकेत तेल उतरून फुप्फुसाचा दाह होतो.

तिसरी चूक प्रेमापोटी होते: जनावर खात नाही म्हणून त्याच्यापुढे लुसलुशीत हिरवा चारा टाकला जातो. त्यातून फायलोएरिथ्रिनचीच भर पडते. त्याऐवजी कडबा किंवा वाळलेले गवत द्यावे आणि जनावर दिवसभर गोठ्यात, दाट सावलीत बांधावे. झाडाखालची सावली उन्हाबरोबर सरकते, त्यामुळे ती पुरेशी नाही. जखमा सुकल्या तरी डोळ्यांचा पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत उन्हात सोडू नये. यकृत भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात.

फुलांच्या रंगावरून एखादे झुडूप निरुपद्रवी ठरवू नये, तसेच वाळलेला पालाही सुरक्षित मानू नये, कारण वाळल्यावरही त्यातले विष टिकते. बांधावरची घाणेरी तोडून तिथेच टाकली, तर तो पाला वैरणीत मिसळण्याचा धोका राहतो. नुसती छाटलेली झुडपे बुंध्यातून पुन्हा फुटतात, म्हणून ती मुळाच्या गड्ड्यासकट खणून काढावीत आणि गुरे पोहोचणार नाहीत अशा जागी टाकावीत.