जुना बॉयलर बदलण्यापूर्वी पाइपांची तपासणी

घर गरम ठेवणारा नवा बॉयलर निवडण्याआधी पाइप आणि रेडिएटर (खोल्या तापवणारे, गरम पाण्याचे धातूचे पॅनेल) तपासावेत, कारण धातू गंजून वर्षानुवर्षे साचलेला काळा गाळ तसाच राहिला, तर तो नव्या बॉयलरच्या अरुंद मार्गांत अडकतो. वरच्या उघड्या टाकीतून पाणी घेणारी यंत्रणा बदलून हवाबंद, दाबाखाली चालणारी करायची असेल, तर थंड स्थितीतील सुमारे १ ते १.५ बार दाब जुने सांधे पेलतील का, हे चाचणी घेऊन आधीच पाहावे. फरशीखालची गळती नंतर शोधणे फार क्लेशदायक ठरते. गाळ धुऊन काढल्यावर बॉयलरकडे पाणी परत आणणाऱ्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवावा आणि पाण्यात गंजरोधक रसायन मिसळावे. कंडेन्सिंग बॉयलरकडे (धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णता मिळवणाऱ्या बॉयलरकडे) परतणारे पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असले, तरच ही उष्णता वापरता येते. गॅसजोडणी मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.