पॉलिप काढायचा असेल तर: कोलोनोस्कोपीआधीची तयारी

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) नुसती बघण्यासाठी नसून पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची वाढ) काढण्यासाठी किंवा रक्तस्राव थांबवण्यासाठी असेल, तर तयारीला आठवडाभर आधी लागावे. सुरुवात गोळ्यांपासून. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी बंद. त्यांनी शौच काळे, चिकट होते आणि आतड्यावरून धुऊन निघत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे मात्र मनाने काही करू नये. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. पण स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेल्याने गोळी परस्पर सोडली, तर पॉलिपपेक्षा मोठे संकट ओढवेल. इन्सुलिनचे डोस डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावेत. पेसमेकर असेल तर आधी सांगावे, कारण मोठे पॉलिप वीज सोडलेल्या तारेच्या फासाने कापतात.

शेवटचे २-३ दिवस चोथा उरेल असे खाऊ नये: बिया, साली, कच्च्या भाज्या, कोंडा. एखादी बीसुद्धा दुर्बिणीच्या शोषनळीत अडकते. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारी पेये, तीही लाल-जांभळी नकोत. आत रक्त असल्याचा भास होतो.

खरी कसोटी आतडे साफ करणारे औषध पिण्याची. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण अर्धे आदल्या संध्याकाळी घ्यावे, उरलेले तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवावे. झोपमोड नको म्हणून सगळे रात्रीच उरकणारे पुष्कळ. मग पहाटेपर्यंत लहान आतड्यातून उतरलेला पित्ताचा थर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला बसतो, आणि चपटे पॉलिप नेमके तिथेच लपतात. दर १०-१५ मिनिटांनी २५० मिलिलीटर, गार करून. मळमळल्यास अर्धा तास थांबून सावकाश प्यावे. उलट्या थांबतच नसतील किंवा पोट फुगून दुखू लागले, तर पिणे थांबवून रुग्णालयात फोन करावा.

शौच लघवीसारखे पिवळसर, नितळ झाले की आतडे साफ. गढूळ असेल तर दाखल होताना स्पष्ट सांगावे. अर्धवट साफ आतड्यात हायड्रोजन आणि मिथेन साचलेले असू शकतात, आणि विजेच्या ठिणगीने ते पेटल्याच्या घटना विरळा असल्या तरी घडल्या आहेत. मॅनिटॉल या पोट साफ करणाऱ्या साखरेसारख्या औषधापासून आतड्यातले जिवाणू हेच वायू बनवतात. म्हणून वीज वापरायची असेल तेव्हा ते टाळतात.

गुंगीचे औषध देणार असल्याने सोबत कुणीतरी हवेच. २४ तास गाडी चालवू नये. पॉलिप कापल्यावर २ आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा लांबचा प्रवास त्या काळात ठेवू नये.